‘नंतर’ नावाचा फोल्डर

प्रिय खारूताई,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच. अकरा वर्षं या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणत आलीस, ते असं सहज विसरायची नाहीस. गेल्या आठ महिन्यांत मी तुला सात वेळा फोन केला. तू उचलला नाहीस, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या तीन वेळा दुसरी घंटा वाजायच्या आत मीच ठेवून दिला. तू उचलला असतास तर बोलणार काय होते, कपाळ? मेल लिहावी म्हटलं, पण आपल्या ऑफिसच्या पत्त्यावरून आलेलं काहीही तू या जन्मात उघडशील असं मला वाटत नाही. का उघडावंस? म्हणून हा कागद. तुझा नवा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांनी आधी माझी चांगली अर्धा तास उलटतपासणी घेतली, मी कोण, कशाला हवाय, आता तिच्याकडून आणखी काय हवंय तुम्हाला, आणि मग दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी मला ऐकवायचं ते ऐकवलं.

आज रविवार आहे. दुपारची जेवणं झालीत, आमचे हे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. इकडचं म्हणशील तर तुझ्या जागी एक तात्पुरती मुलगी आली आहे. कामाला बरी आहे, पण परवा स्टेपलरच्या पिना शोधत तासभर फिरत होती. मी तुझा खालचा खण उघडून दाखवला. पिना, रबरं, टाचण्या, अर्धे खोडरबर, जुन्या पाकिटांवरून कापून ठेवलेले कोरे कागद, सगळं डबीडबीत भरलेलं, आणि प्रत्येक डबीवर तुझ्या गोल अक्षरात नाव आणि तारीख. टाचण्यांच्या डबीला कोण गं तारीख घालतं? ती मुलगी हसायला लागली आणि मी उगाच खोकल्याचं निमित्त करून बाथरूममध्ये जाऊन आले. तुला खारूताई हे नाव मीच ठेवलं होतं, त्या खणावरून. मला कुलूपकाकू तू म्हणायला लागलीस, कारण मी दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावायचे. ऑफिसभर तेच नाव झालं. हल्ली कोणी हाक मारली की अंगावर काटा येतो.

आपल्याकडे आसऱ्याला आलेल्या त्या शिवणवालीचं सांगते, ते तुला हवं असेल. तिची मुलगी नव्या शाळेत रमली आहे, दात पडलेत पुढचे दोन. तिच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही, म्हणून कापायचं काम दुसरी करते आणि ही मशीन चालवते. मागच्या महिन्यात ऑफिसात आली होती, तेव्हा तुझ्या खुर्चीकडे बघून विचारलं, त्या बाई कुठं गेल्या? मी म्हटलं, गेल्या दुसरीकडे. ती म्हणाली, माझ्यामुळे का? बाई गं! जे झालं त्यात सगळ्यांत कमी दोष जिचा, तीच विचारते माझ्यामुळे का. मी नाही म्हटलं आणि तिला चहा दिला.

आता जे झालं ते मला एकदा ओळीनं लिहू दे. तुला त्यातलं बरंच माहीत आहे, पण मी ते आजवर कोणापुढे ओळीनं सांगितलेलं नाही, आणि मधली मधली पानं गाळून सांगण्यात मी फार पटाईत झाले आहे. घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायका आणि त्यांची पोरं आपल्याकडे राहायची. ऑफिसचा पत्ता पाटीवर, घराचा पत्ता कुठेच नाही. तो दोनच ठिकाणी, संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या डोक्यात आणि तुझ्या कपाटातल्या यादीत. त्या मंगळवारी दुपारी तुला मोठ्या बाईंच्या नावानं मेल आली. पाहणीला पाहुणे येणार आहेत, घराचा पूर्ण पत्ता आणि कोण कुठल्या खोलीत आहे ते लगेच पाठव, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस. मेलचा पत्ता त्यांचाच, आपल्याच संस्थेचा, अक्षरन् अक्षर बरोबर. तू उत्तर पाठवलंस. ते उत्तर त्यांच्याकडे गेलंच नाही, कारण मेल बाहेरच्या एका सर्व्हरवरून आपल्या नावानं धाडलेली होती आणि उत्तर कुठं जायचं ते आत वेगळंच भरून ठेवलं होतं. बुधवारी सकाळी आठला शिवणवालीचा नवरा भावाला घेऊन दारात हजर. दारावरच्या मावशींनी दार उघडलं नाही, तेव्हा त्यानं खिडकी फोडली. शिवणवाली मुलीला मागच्या दारानं बाहेर काढताना काचेवर पडली. पोलीस आले, नवऱ्याला नेलं, आणि संध्याकाळपर्यंत अकरा बायका आणि नऊ पोरं गाठोडी बांधून दुसरीकडे हलवावी लागली. सगळं खापर तुझ्यावर फुटलं. पत्ता हिनं दिला, एवढं एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी राहिलं.

पण तो पत्ता तू का दिलास, हे मला माहीत होतं. आठवतं, त्याच्या दोन वर्षं आधी मी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवून मेल कशी वापरायची ते शिकवलं होतं? मोठा तोरा होता माझा. फळ्यावर आपल्या संस्थेचं नाव लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि म्हटलं, बाहेरून आलेल्या मेलला दहा वेळा तपासा, पण या नावाचं पत्र आलं तर ते आपल्या घरातलंच समजा, डोळे झाकून विश्वास ठेवा, बाकीचं बघायला मी बसलेय. तू वहीत लिहून घेतलंस. तारीख घालून, अर्थात. चौकशी समितीतल्या वकिलांनी तुला विचारलं, विश्वास कसा ठेवलात, तेव्हा तू म्हणालीस, आम्हाला तसं सांगितलं होतं. कोणी सांगितलं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी तुझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस, फार नाही, श्वास घेण्याइतकंच, आणि म्हणालीस, आता आठवत नाही. तुला आठवत नाही! टाचण्यांना तारखा घालणारीला! आणि मी मूग गिळून कपातल्या चहावरची साय बघत बसले.

तरी हे काहीच नाही. शिकवताना चूक झाली असं म्हणून मी केव्हाच सुटले असते. खरं पुढेच आहे आणि ते जरा आमच्या धंद्यातलं आहे, पण तू समजून घेशील. मेलच्या पत्त्यात कोणाचंही नाव कोणीही टाकू शकतं, जसं पाकिटाच्या मागे पाठवणाराचं नाव कोणीही खोटं लिहू शकतं. ते अडवायला संस्थेनं आपल्या नावापुढे तीन नोंदी करून ठेवायच्या असतात. एक, आमच्या नावानं पत्र पाठवायची मुभा कुठल्या सर्व्हरना आहे त्याची यादी. दुसरी, खऱ्या पत्रावर उमटणारी मोहोर तपासायची खूण. आणि तिसरी, जिला डीमार्क म्हणतात, ती जगातल्या सगळ्या मेलवाल्यांना दिलेली सूचना, की आमच्या नावाचं पत्र आलं आणि ते यादीतही नाही नि मोहोरही नाही, तर त्याचं काय करायचं. तीन पर्याय असतात. नुसतं बघा आणि आम्हाला कळवा, बाजूला टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. मी तिन्ही नोंदी केल्या होत्या आणि तिसरीत परत पाठवा असंच लिहिलं होतं. तेवढं तरी शहाणपण होतं मला.

मग आठवते का ती मासिक पत्राची सकाळ? हितचिंतकांना दर महिन्याला जाणारं पत्र तू तयार करायचीस आणि ते बाहेरच्या एका कंपनीमार्फत जायचं. ती कंपनी आपल्या यादीत नव्हती, तिच्याकडे आपली मोहोर नव्हती, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. सहाशेच्या वर पत्रं एका सकाळीत परत आली. दुपारच्या मीटिंगमध्ये मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, कुलूपकाकू, तुम्ही असं कुलूप लावलंत की घरच्यांनाच आत येता येईना. सगळी खोली हसली. त्यात वाईट काही नव्हतं गं, मीही दुसऱ्या कोणाला असंच चिडवलं असतं. पण तू हसलीस. तोंडावर हात धरून, खाली बघत, पण हसलीस, आणि तेवढ्यानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुझ्या पत्रासाठी मी एवढी ओरड खातेय आणि तूच हसतेस, असं काहीतरी डोक्यात गेलं. वर येऊन मी तिसरी नोंद बदलून नुसतं बघा अशी करून टाकली. घ्या म्हटलं, आता येऊ दे कोणालाही आत. या स्वभावाचं काय करावं? आमचे हे म्हणतात, तू रुसलीस की पंखासुद्धा बंद करून घामात बसतेस. तसंच ते, फक्त घामात दुसरेच बसले.

आणि तू काय केलंस, सांगू? तासाभरानं दोन कप चहा घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. म्हणालीस, हसले ते चुकलं माझं, पण हे नीट व्हायला काय लागेल ते सांग, मी त्या कंपनीच्या मागे लागते. मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं, त्यांच्याकडून दोन ओळी हव्यात, तुला नाही कळायच्या. तू दोन दिवस त्यांना फोन करत राहिलीस, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी होती. जुन्या पाकिटाचा कापलेला कागद, तुझं गोल अक्षर, त्या दोन ओळी एकेक अक्षर सुटं सुटं करून लिहिलेल्या, खाली तारीख, आणि त्याखाली, आता तरी हसशील का? तुला त्या ओळींचा अर्थ तेव्हाही माहीत नव्हता आणि अजूनही नसेल, म्हणून सांगते. त्या भरल्या असत्या की कंपनीच्या पत्रांवर आपली मोहोर उमटली असती, तिसरी नोंद पुन्हा परत पाठवा अशी करता आली असती, आणि आपल्या नावाचं खोटं पत्र तुझ्यापर्यंत पोहोचलंच नसतं. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, सोमवारी करते. चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली. तो सोमवार चौदा महिने आला नाही, खारूताई.

म्हणजे तेव्हा नुसतं विसरले असंही नाही. नुसतं बघा आणि कळवा असं लिहिलं की मोठमोठे मेलवाले खरोखर कळवतात. प्रत्येकाचा रोज एक अहवाल यायचा, आज तुमच्या नावानं कुठून किती पत्रं आली आणि त्यातली किती खरी ठरली. सकाळी मेल उघडली की हे पाच-सहा पडलेले. मला त्यांचा वीट आला, तेव्हा मी एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं ‘नंतर’, आणि ते आपोआप तिकडे जातील अशी सोय केली. मी तो पुन्हा उघडला तो त्या बुधवारी दुपारी, तुम्ही सगळ्या गाठोडी बांधत होता तेव्हा. दोन हजारांवर अहवाल होते. घटनेच्या एकोणीस दिवस आधीच्या अहवालात एक अनोळखी सर्व्हर होता. आपल्या नावानं चार पत्रं, यादीत नाही, मोहोर नाही, आणि पुढे शेरा, काही केलं नाही, कारण तुमची तशीच सूचना आहे. शिवणवालीच्या नवऱ्यानं आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून बघितलं होतं, जातंय का. एकोणीस दिवस ती ओळ माझ्या मशीनमध्ये होती. मग कीबोर्ड उचलला. चिठ्ठी तिथेच होती, जरा पिवळी पडलेली. तुझ्या अक्षरातल्या दोन ओळी बघून मी त्या भरल्या, तिसरी नोंद परत पाठवा अशी केली आणि घड्याळ बघितलं. सत्तावीस मिनिटं लागली होती.

पुढच्या सोमवारी चौकशी समितीनं मला विचारलं, आपली मेल सुरक्षित आहे का. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि ती नोंद दाखवली. समितीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांना काय कळणार, डॉक्टरीणबाईंना काय कळणार? कडक बंदोबस्त दिसतोय, असं ते आपसात म्हणाले. हा बंदोबस्त पाच दिवसांचा आहे, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वर मी म्हटलं, यंत्र आपल्या जागी ठीक आहे, शेवटी माणसानं खात्री करून घ्यायला हवी होती. हे माझे शब्द आहेत. समितीच्या अहवालात ते जसेच्या तसे आहेत, तू वाचले असशील. त्याच संध्याकाळी तू खणाची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तू रस्ता ओलांडायला बराच वेळ उभी होतीस आणि गाड्या तर एवढ्या नव्हत्या.

एवढे महिने गप्प राहून आजच का लिहायला बसले, असं विचारशील. तू एका शाळेच्या ऑफिसात अर्ज केला आहेस, हे मला माहीत आहे. त्यांचं पत्र आपल्याकडे आलं. मुलांच्या घरचे पत्ते आणि कोणत्या मुलाला न्यायला कोण येणार, याची वही त्यांना तुझ्या हाती द्यायची आहे, ती द्यावी का, असं विचारलं होतं. मोठ्या बाईंनी ते माझ्याकडे दिलं, म्हणाल्या, यंत्राचा मामला आहे, तुम्हीच नीट लिहाल. ते माझ्या ट्रेमध्ये नऊ दिवस पडून होतं. दहाव्या दिवशी मी वरचे कागद उचलले आणि माझ्याच हातानं ते ‘नंतर’मध्ये सरकवायला निघालेय हे मला दिसलं. मी उठले आणि मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मेलवाल्यांचे अहवाल, नोंद बदलल्याची तारीख, तुझी चिठ्ठी, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं, राजीनाम्यासकट. त्या कितीतरी वेळ चिठ्ठीवरची तारीखच बघत होत्या. मग म्हणाल्या, त्या दिवशी मीही हसले होते. समिती येत्या गुरुवारी पुन्हा बसतेय, तिथं मी हे सगळं वाचून दाखवणार आहे, आणि तुला ते तिसऱ्याच कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र, टपालाची वाट न बघता उद्या सकाळीच माणसाहाती पाठवतेय. चिठ्ठी त्यांनी ठेवून घेतली, तिची प्रत सोबत आहे. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायलासुद्धा तोंड लागतं. शाळेला काल मी स्वतः जाऊन पत्र देऊन आले. लिहिलंय, वही तिच्याच हाती द्या, तिनं चौदा महिने आधी उपाय लिहून माझ्या टेबलावर ठेवला होता, तो मी केला नाही, आणि शिक्षा तिनं भोगली. त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, मंगळवारी तिला फोन करते. माझा नको उचलूस, अगं कधीच नको उचलूस, पण मंगळवारचा तेवढा उचल.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
कुलूपकाकू